पोलर अलाइनमेंट सोपी व्हावी म्हणून नवा माउंट घ्यावा का?

प्रश्न असा आहे: "ठाण्यात राहतो. सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि जुना ईक्यू-5 माउंट आहे. पोलर अलाइनमेंटला दर वेळी पाऊण तास जातो, तरी फोटोत तारे लांबटच येतात. नवा महाग माउंट घेतला तर हे काम सोपं होईल का?"

माउंट म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक, आणि पोलर अलाइनमेंट म्हणजे तिचा फिरण्याचा अक्ष, पोलर अक्ष, आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखणं.

इतक्यात घेऊ नका. आधी माउंटचा अल्टिट्यूडचा, म्हणजे अक्ष वर-खाली करणारा बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि घरातल्या सपाट फरशीवर लोळवून बघा. डुगडुगत लोळला तर तो वाकलाय, आणि तुमचा पाऊण तास त्या बोल्टात जातोय.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण याच गोष्टीवरून डिसेंबर 2016 मध्ये वांगणीला, पंधरा माणसांसमोर मला ऐकून घ्यावं लागलं होतं. आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ निरीक्षक, ज्यांच्याकडून मी नक्षत्रं ओळखायला शिकलो, ते माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाले, "पोलर अलाइनमेंट हाताला लागावी लागते. माउंटला दोष देऊ नकोस, अजून दोन वर्षं कर." मृगातल्या तेजोमेघाचा एका मिनिटाचा फोटो होता आणि सगळे तारे तांदळाच्या दाण्यासारखे आले होते. मी सांगायचा प्रयत्न केला की मी ध्रुव बरोबर जागेवर आणतो, पण बोल्ट आवळले की तो सरकतो. कुणी ऐकलं नाही. पहाटेच्या पहिल्या लोकलला लगेजच्या डब्यात ट्रायपॉडवर हात ठेवून उभा होतो, आणि माउंट विकून टाकायचं मी कर्जतकडून येणाऱ्या त्या गाडीतच ठरवलं होतं. नव्या माउंटचा आकडा लाखाच्या पुढे जात होता.

विकला नाही तो मामांमुळे. मामा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, 1982 च्या संपानंतर कांजूरला एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. त्यांना दुर्बिणीतलं काही कळत नव्हतं. भांडुपला आमच्याकडे जेवायला आले असताना खोलीत माउंट दिसला, म्हणून त्यांनी सहज अल्टिट्यूडचा नॉब फिरवून पाहिला. दोन वेळा पुढे, दोन वेळा मागे. म्हणाले, "अरे, हा ढकलत नाहीये, खरवडतोय. पाना आण." बोल्ट काढून त्यांनी फरशीवर लोळवला. मधोमध वाकलेला. टोक छत्रीसारखं फुललेलं, आणि आत जिथे ते टेकतं तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगवर खड्डा पडलेला, तोही एका अंगाला. नॉब फिरवला की टोक त्या खड्ड्याच्या काठावर चढायचं आणि हेडला (माउंटच्या वरच्या भागाला) वर उचलण्याबरोबर बाजूलाही ढकलायचं. म्हणजे मी अल्टिट्यूड लावत होतो आणि अझिमथ, म्हणजे अक्षाची डावी-उजवी दिशा, आपोआप बिघडत होता. ते सुधारायला गेलं की पुन्हा हे बिघडायचं. पाऊण तास तो खेळ चालायचा.

याचं मूळ कारण मुंबईचा अक्षांश आहे. आपण 19 अंशांवर. हे माउंट मुख्यतः 40-50 अंशांच्या देशांतल्या माणसांना समोर ठेवून बनवलेले असतात. तिथे पोलर अक्ष बराच उभा असतो आणि वजन ट्रायपॉडच्या मधोमध येतं. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा पडतो, हेड, दुर्बिणीची नळी आणि काउंटरवेट (तोलाचं वजन) यांचा सगळा भार उत्तरेकडे झुकतो, आणि बोल्ट त्याच्या पल्ल्याच्या अगदी शेवटाला, तिरक्या कोनात टेकतो. सरळ दाबाखाली जो बोल्ट वीस वर्षं टिकेल, तो तिरक्या दाबाखाली दोन थंड्यांत वाकतो. काउंटरवेटचा दांडाही आपल्याकडे जास्त उभा लोंबतो, म्हणून तो उत्तरेच्या पायावर आपटतो. तुमचंही होत असेलच. त्यासाठी हेडखाली एक छोटा खांब चढवा. पाय फिरवून दक्षिणेला नेऊ नका, तोल उत्तरेला असल्याने सगळं लवंडेल.

पण मामा म्हणतात म्हणून मी लगेच मानलं नाही. मला पुरावा हवा होता, त्या पंधरा माणसांना दाखवता येईल असा. आमच्या गच्चीवरून ध्रुव दिसत नाही. उत्तरेला तेव्हा एका टॉवरचं बांधकाम चालू होतं आणि त्याच्या क्रेनचा लाल दिवा नेमका ध्रुवाच्याच जागी, साधारण वीस अंश उंचीवर यायचा. वर्षभर त्या दिव्याला मी शिव्या घातल्या होत्या. क्रेन थांबलेली होती अशा एका रविवारी रात्री मी तोच दिवा पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) फुलीवर आणला. अल्टिट्यूडचे दोन्ही बोल्ट, उचलणारा आणि त्याच्या समोरचा, आवळले, दिवा फुलीवरून सरकला. हेड ट्रायपॉडला धरणारा मधला मोठा बोल्ट आवळला, दिवा दुसऱ्या बाजूला गेला. काउंटरवेटच्या दांड्यावर बोटाने दाब देऊन सोडला, तर दिवा परत मूळ जागी आलाच नाही. प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवलं. दहा वेळा केलं. सरकणं अर्ध्या अंशाच्या आसपास होतं. तारे दिसत नसताना, धुरकट मुंबईत, गच्चीवरून करता येणारी ही चाचणी आहे आणि तुम्ही ती या आठवड्यातच करा.

अर्ध्या अंशाने काय होतं ते सांगतो. एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेच्या 60 विकला. अलाइनमेंट 1 अंशाने चुकली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त 16 विकला सरकतो. अर्ध्या अंशाला 8. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल त्या दुर्बिणीवर 1 विकलेहून किंचित जास्त होता, म्हणजे एका मिनिटात तारा सात पिक्सेल ओढला जायचा. तेच तांदळाचे दाणे. चूक 5 कलांवर आणली की मिनिटाला सरकणं 1.3 विकला उरतं.

आता दुरुस्ती. मामांनी जुना बोल्ट खिशात घातला आणि आम्ही मस्जिद बंदरला नागदेवीला गेलो. हाय टेन्साइलचा अ‍ॅलन बोल्ट घेतला. मामांच्या ओळखीच्या लेथवर त्याचं टोक गोल करून पॉलिश केलं. कास्टिंगमधला खड्डा कानशीने सपाट करून तिथे पितळेची जाड चकती बसवली. मामांचं म्हणणं होतं की पोलाद अ‍ॅल्युमिनियमवर कधी घासू द्यायचं नाही, मध्ये पितळ हवं. बोल्टावर मोठा नॉब लावला. त्याचं कारण साधं आहे: बोल्ट बिजागरीपासून 60 मिमीवर टेकत असेल आणि आट्यांचा पिच 1.25 मिमी असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात अक्ष 1.2 अंश, म्हणजे 72 कला हलतो. 5 कलांसाठी फेऱ्याचा चौदावा भाग फिरवायचा. बारक्या खुंटीवर, थंडीत आखडलेल्या बोटांनी ते जमत नाही.

अझिमथसाठी हेड आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये टेफ्लॉनची पातळ चकती टाकली, आणि मधल्या मोठ्या बोल्टाखाली स्प्रिंग वॉशर. आता तो बोल्ट अर्धा आवळलेला असतानाच हेड लोण्यासारखं फिरतं आणि शेवटचा पाव फेरा आवळला तरी जागचं हलत नाही. सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं.

त्यानंतर मी एक नियम पाळतो: अल्टिट्यूड नेहमी खालून वर, वजनाच्या विरुद्ध उचलत लावायचा. ध्रुवाच्या वर गेलात तर पुन्हा खाली या आणि परत चढा. समोरचा बोल्ट आधी सैल करा. दोन बोल्ट एकमेकांविरुद्ध आवळत बसलात तर नवाही वाकेल.

फेब्रुवारीत पुन्हा वांगणीला गेलो. बारा मिनिटांत अलाइनमेंट झाली. तारे गोल. स्क्रीन मी त्या ज्येष्ठांना नेऊन दाखवली, वहीही दाखवली. ते "हं, छान" म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. मला त्यांच्याकडून माफी नको होती. पण त्याच रात्री त्यांनी एका कॉलेजच्या मुलीला तेच वाक्य ऐकवलं, हाताला लागावी लागते, दोन वर्षं कर. तिचा माउंट मी तपासला. तिचाही बोल्ट वाकलेला होता. त्या मुलीने दुर्बीण सोडून दिली असती तर दोष कुणाचा? शिकवणाऱ्याने आधी यंत्राला हात लावून बघावं, मग माणसाला बोलावं. हे मी तेव्हा त्यांना बोललो नाही, आज इथे लिहितोय, आणि ते हे वाचत असतील तर वाचावं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, मोबाइलच्या होकायंत्रावर उत्तर दिशा धरून बसू नका. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे लोकांना वाटतं इथे होकायंत्र चालतं. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेला चुंबकीय मोजमाप खाडीपलीकडे अलिबागला हलवावं लागलं होतं, 1904 साली तिथे नवी वेधशाळा उभी राहिली. होकायंत्र बिघडवायला तुमच्या गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया आहेत, बाजूला लोखंडी टाकीचा स्टँड आहे आणि ट्रायपॉडचे पाय पोलादी आहेत. ध्रुवाकडे रोखायला हिरवा लेझरही नको. आपल्या डोक्यावरून विमानं उतरत असतात.

ध्रुवच दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धत शिका, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारायचा. आपल्याकडे ध्रुवाचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो, तोही दुसऱ्या प्रतीचा तारा, त्यामुळे शहरातून महिनोन्‌महिने दिसत नाही. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा, मिंटाका, घ्या. तो जवळजवळ नेमका खगोलीय विषुववृत्तावर आहे. मेरिडियनवर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) असताना तो दक्षिणेला सरकत असेल तर तुमचा अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेला सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेला उगवून वीस-तीस अंश वर आलेला, विषुववृत्ताजवळचाच तारा घ्या. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. आयपीसमध्ये दिशा कळत नसेल तर नळी किंचित ध्रुवाकडे ढकला, ज्या बाजूने नवे तारे आत येतील ती उत्तर. लॅपटॉप गच्चीवर नेणार असाल तर नीना नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन फोटोंवरून अलाइनमेंटची चूक काढणारं प्लगइन आहे, त्याला ध्रुव दिसण्याची गरज नाही. मी ते आता वापरतो. पण सॉफ्टवेअर फक्त चूक किती ते सांगतं, ती काढायची बोल्टानेच. वाकलेल्या बोल्टासमोर तेही रात्रभर आकडे बदलत बसतं.

हेही लिहायला हवं होतं, आधीच लिहायचं राहिलं: तुमचे तारे कुठल्या दिशेला लांबट आहेत ते बघा. दक्षिण-उत्तर असतील तर वरचं सगळं लागू. पूर्व-पश्चिम असतील तर तो बहुधा गिअरचा दोष, पीरियॉडिक एरर, आणि अलाइनमेंट कितीही अचूक केलीत तरी जाणार नाही. त्याला गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत सुधारत राहणं) लागतं, किंवा खरोखरच चांगला माउंट. आणि तुम्ही फक्त डोळ्यांनी बघणार असाल तर यातलं काही करू नका. एक अंश चुकला तरी दहा मिनिटांत गुरू तीन कलाही सरकत नाही, दीडशे पट मोठं करून बघताना दृश्यक्षेत्र वीस कलांचं असतं.

नवा घ्यायचाच ठरलं तर कुठला, ते मी सांगणार नाही, कारण मी तो विकत घेतलेला नाही. दुकानात गेलात तर मोटरची माहिती नंतर विचारा. आधी हेड 19 अंशांवर आणायला सांगा, त्यावर तुमच्या नळीएवढं वजन चढवायला सांगा, आणि अल्टिट्यूडचा नॉब स्वतः फिरवून बघा.

नागदेवीला जाताना जुना बोल्ट सोबत न्या, आटे तिथेच नटात घालून जुळवा. स्टेनलेसचा बोल्ट देत असतील तर त्याच्यासोबत स्टेनलेसचा नट घेऊ नका, दाबाखाली दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि मग कापूनच काढावे लागतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.