वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या हौद्यात सायकली कशा बांधाव्यात?

प्रश्न : आम्ही पाच जण पावसाळ्यात नागपूरहून चिखलदऱ्याला सायकली घेऊन जातो. त्यांपैकी दोन रेसिंग सायकली असून एकीचा सांगाडा कार्बनचा आहे. उरलेल्या तिन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकच्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहेत. गेल्या वर्षी भाड्याच्या पिकअपमध्ये पुढची चाके काढून, मध्ये जुन्या गाद्या घालून सर्व सायकली नायलॉनच्या दोरीने आवळून बांधल्या होत्या. एकही सायकल पडली नाही. तरीही उतरवल्यावर दोन सायकलींचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडलेला होता, एकीचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) आत वाकला होता आणि एकीचे पुढचे चाक ब्रेकमध्ये बसेना. हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. आमचे काय चुकले? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : सायकल पडू नये याची काळजी आपण घेतली, परंतु ती घासू नये याची घेतली नाही. चिखलदऱ्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो आणि तेवढा वेळ हौदा सतत थरथरत असतो. गादीवर बसलेली धूळ रंग आणि कापड यांच्यामध्ये अडकली, की ती गादीच पॉलिश पेपरचे काम करू लागते. माझ्या स्वतःच्या सायकलीवरचा असा एक पट्टा मी आजही लाजत पाहतो. म्हणून सायकलींच्या मध्ये काही कोंबण्यापेक्षा त्या एकमेकींना लागणारच नाहीत अशा उभ्या कराव्यात आणि त्यांना सांगाड्याच्या नळ्यांना नव्हे, तर चाकांना व फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला) धरावे.

आपल्या हौद्यात ते सहज जमते. सायकलीची लांबी साधारण पावणेदोन मीटर असते, त्यामुळे नऊ फुटांत पुढचे चाक काढण्याची गरजच नाही. एकीचे तोंड केबिनकडे, तर दुसरीचे फाळक्याकडे, अशा आलटून पालटून त्या उभ्या कराव्यात. दोन्ही कडांना रेसिंग सायकली ठेवाव्यात, कारण त्यांचे हँडल सुमारे 44 सेंटीमीटरचे असते, तर एमटीबीचे 75 सेंटीमीटरपर्यंत जाते. दोन सायकलींमध्ये 30 सेंटीमीटर अंतर धरले, तर चार अंतरांचे 120 आणि कडेच्या दोन अर्ध्या हँडलांचे 44 मिळून 164 सेंटीमीटर होतात. आपला हौदा 168 सेंटीमीटरचा आहे. हाच हिशेब एमटीबी कडेला ठेवून केला, तर हँडल बाहेर येते. दुसऱ्या आणि चौथ्या सायकलीचे तोंड एकाच दिशेला येणार असल्याने त्या वीतभर मागेपुढे सरकवाव्यात, म्हणजे त्यांची हँडले एकमेकांत अडकणार नाहीत. शेजारच्या सायकलीला लागतील ती पेडल काढून ठेवावीत; डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे पाना लावताना ध्यानात असू द्यावे.

हौद्याच्या तळाशी लाकडी फळी टाकून प्रत्येक चाकाच्या दोन्ही अंगांना पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे चाक खाचेत बसते आणि बाजूला सरकत नाही. त्यानंतर एक पट्टा फोर्कच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंच्या कड्यांकडे खाली ओढावा आणि दुसऱ्याने मागचे चाक रिमजवळ फळीला बांधावे. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि थोड्याच अंतरात सैल पडते. रॅचेटचा, म्हणजे दात्यांच्या खटक्याने आवळायचा पट्टा याच्या उलट इतका आवळला जातो, की हाताला अंदाजच राहत नाही. मला विचाराल तर हाताने ओढून घट्ट होणारा कॅम बकलचा पट्टा बरा. एमटीबीचा धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क किंचित दबला की थांबावे. कार्बनच्या नळीवरून कोणताही पट्टा नेऊ नये; ती चालवताना येणारा भार सोसते, पण बाजूने चिरडणारा दाब सोसत नाही, आणि आतला तडा अनेकदा वरून दिसतही नाही. जिथे स्पर्श टळतच नाही, तिथे सायकलीची जुनी ट्यूब धुऊन गुंडाळावी. वर ताडपत्री टाकणार असाल, तर ती फडफडणार नाही अशी ताणून बांधा, नाहीतर तीही रंग खाते.

ब्रेकचे कारण निराळे आहे. चाक काढलेले असताना लिव्हर दाबली गेली, की ब्रेकमधले पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांजवळ येतात आणि चाकावरची डिस्क त्यांच्यामध्ये शिरत नाही. दोन्ही चाके लावलेलीच ठेवलीत, तर हा प्रश्न उद्भवत नाही. ज्यांच्याकडे दीड मीटर हौद्याची डबल-कॅब (दोन रांगांच्या केबिनची पिकअप) आहे, त्यांना मात्र पुढचे चाक काढावेच लागते. त्यांनी पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी बसवावी. चाक फाळक्यावरून बाहेर लोंबकळत ठेवण्याची परदेशी पद्धत इथे अंगलट येऊ शकते, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) नुसार माल मर्यादेबाहेर डोकावल्यास 20,000 रुपये दंड आहे. सायकली धरायला कोणाला हौद्यात बसवणे तर मुळीच नको.

नागपूर सोडल्यावर गोंडखैरीच्या सुमारास एकदा थांबून सगळे पट्टे हाताने ओढून पाहावेत, कारण पहिल्या काही किलोमीटरमध्येच ते बसतात व सैल होतात. परतवाड्याला घाट लागण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावे.

राहिला डिरेलर. सायकल चढवण्यापूर्वी साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर आणून ठेवावी, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि त्याला धक्का लागण्याची शक्यता कमी होते. आपल्या सायकलीत बहुधा डिरेलर नव्हे, तर तो ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा हँगर वाकला असावा. तो हाताने सरळ करून घाट उतरू नये. हलक्या गिअरवर येताच डिरेलर आऱ्यांत गेला, तर मागचे चाक जागीच अडकते. हँगर प्रत्येक सांगाड्याला वेगळा लागतो, म्हणून आपापल्या सायकलीचा एक जादा हँगर निघण्यापूर्वीच पिशवीत टाकावा.