दिवाणी की फौजदारी? कागदावर काय पाहायचं

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलंय : हातउसने दिलेले पैसे परत आले नाहीत, चेकही वटला नाही, म्हणून केस टाकली. बेलापूरच्या कोर्टाच्या कागदावर ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ असं पदनाम आहे आणि वर एस.सी.सी. क्रमांक. मग ही केस दिवाणी म्हणायची की फौजदारी?

पदनामावरून ते कळणार नाही, कारण खालच्या कोर्टात बहुधा एकच न्यायाधीश दोन्ही कामं पाहतात. ठाण्याच्या जिल्हा व सत्र न्यायालयातही तेच. दिवाणी अपील चालवताना ते जिल्हा न्यायाधीश, खुनाचा खटला चालवताना सत्र न्यायाधीश.

क्रमांक पाहा. आर.सी.एस. असेल तर दिवाणी दावा, आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. असेल तर फौजदारी. तुमची केस फौजदारी आहे.

दिवाण महसूल पाहायचा, फौजदार बंदोबस्त. मोगल काळातली ही विभागणी कंपनी सरकारचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये बंगालमध्ये दिवाणी आणि फौजदारी अशा वेगळ्या अदालती नेमून पुढे चालवली. आपल्याकडे दोन्ही बाजूंची शब्दसंपत्ती आजही वेगळी आहे, आणि ती जपायला हवी. दाव्यात वादी-प्रतिवादी असतात आणि शेवटी हुकूमनामा होतो. खटल्यात फिर्यादी-आरोपी असतात आणि शेवटी शिक्षा किंवा निर्दोष मुक्तता. जागेच्या वादातल्या प्रतिवादीला लोक सर्रास ‘आरोपी’ म्हणतात, ते मला फार खटकतं. त्या माणसावर गुन्ह्याचा आरोपच नसतो, पण शेजारीपाजारी त्याची बदनामी मात्र होते.

आता पैशांचा प्रश्न असून केस फौजदारी कशी? उसने पैसे न फेडणं एवढ्यानं गुन्हा होत नाही. त्यांची वसुली दिवाणी दाव्यातून होते. पण देणं फेडायला दिलेला चेक खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला आणि नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेक-हुंड्यांविषयीच्या कायद्याच्या कलम 138 खाली तो गुन्हा ठरतो. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तुमचं प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आहे.

वसुलीचा दावा याच व्यवहारावरून वेगळा लावता येतो. त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि फौजदारी केस चालू आहे म्हणून ती थांबत नाही, तेव्हा वकिलांना तारखा आजच दाखवा.