उद्योजक महापौर झाला तर तो शहरही नफ्यासाठीच चालवतो का?

तुमचा प्रश्न असा की धंद्यातला माणूस महापौर झाला तर नागरिकांनाही गिऱ्हाईकच समजणार ना? न्यूयॉर्कचा महापौर झालेला उद्योजक ब्लूमबर्ग, त्याचं नाव कोणीतरी घेईलच, म्हणून मी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ चेंबरलेनबद्दल सांगतो. मी स्वतः भोसरीत नट-बोल्टच्या धंद्यात आहे, त्यामुळे स्क्रू विकून मोठ्या झालेल्या या माणसाकडे माझा थोडा कल आहे.

हा मूळचा लंडनचा. १८५४ साली, अठराव्या वर्षी, आत्याच्या यजमानांच्या स्क्रूच्या कारखान्यात आला. वडिलांनी तिथे पैसे गुंतवले होते, त्यावर लक्ष ठेवायला पोराला धाडलं. तोवर लाकडात बसवायच्या स्क्रूचं टोक बोथट असे. आधी गिरमिटाने भोक पाडा, मग स्क्रू पिळा. या कारखान्याने टोकदार स्क्रू बनवणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क घेतले होते. हिशेब आणि विक्री चेंबरलेनने सांभाळली, आणि बरेच छोटे कारखानदार त्या स्पर्धेत संपले. माणूस मवाळ नव्हता.

१८७३ मध्ये महापौर झाला. दोन वर्षांत शहरातल्या दोन्ही खाजगी गॅस कंपन्या पालिकेने विकत घेतल्या, जवळपास २० लाख पौंडांना. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा. त्यानंतर पाणी कंपनीही घेतली, पण तिथे नफा नकोच म्हणाला. लोकांची तब्येत सुधारली की शहराला मिळालंच. मला त्याची खरी अक्कल इथे दिसते. कशात मार्जिन काढायचं आणि कशात नाही, हे त्याला कळत होतं. गॅसच्या पैशातून शहराची कामं, पाणी मात्र कमाईसाठी नाही.

आपल्याकडे ही तुलना थोडी फसते, कारण कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि महापौर बराचसा मानाचा. तिथे नगरसेवकांच्या समित्याच कारभार चालवत, आणि बहुमत त्याच्या बाजूचं होतं.

तुमची शंका खरी ठरते ती कॉर्पोरेशन स्ट्रीटवर. गलिच्छ वस्ती पाडून शहराच्या मध्यातून हा रुंद रस्ता काढला, बाजूच्या जागा दुकानांना ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. म्हणजे मुदत संपली की जमीन परत पालिकेची, सौदा पक्का. तिथला मृत्युदर हजारी ५३ वरून २१ वर आला असं अभिमानाने सांगितलं जातं. पण पाडलेल्या घरांतल्या गरिबांसाठी नवी घरं फारशी बांधलीच नाहीत. ती माणसं दुसऱ्या वस्त्यांत जाऊन दाटीवाटीने राहिली. मग हा आकडा कोणाच्या तब्येतीचा म्हणायचा?

१८७६ मध्ये तो खासदार झाला, पुढे वसाहतमंत्री. त्या साम्राज्यवादी चेंबरलेनबद्दल माझं मत अजिबात बरं नाही, पण तो वेगळा प्रश्न. त्याचा मुलगा नेव्हिलही आधी धंद्यात, मग याच शहराचा महापौर, आणि १९३७ मध्ये पंतप्रधान. हिटलरशी म्युनिच करार करणारा तोच.