वाचक विचारतात : कटाना किती मजबूत?

प्रश्न : कटाना, म्हणजे जपानी तलवार, दुसरी तलवार कापते, असं व्हिडिओत दाखवतात. खरं का? ऑनलाइन घेतलेल्या शोभेच्या कटानाला धार लावून शहाळं कापता येईल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. शहाळ्याचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. शोभेच्या तलवारीचं पातं बहुधा स्टेनलेसचं असतं आणि मुठीच्या आत नुसती बारीक सळई वेल्ड केलेली असते. जोराने फिरवली की ती तिथेच तुटते आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं. अस्सल कटानात पात्याचाच जाड भाग मुठीत खोलवर जातो आणि आडव्या बांबूच्या खुंटीने, म्हणजे मेकुगीने, अडकवलेला असतो. खुंटी सैल झाली तर बांबूचीच नवी बसवावी. लोखंडी खिळा भोक मोठं करतो. शिवाय धारेची तलवार शस्त्र कायदा, 1959 खाली येते. धार लावण्याआधी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात विचारा.

आता मजबुतीचं. लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेवर पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होऊन रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर 60च्या आसपास कठीण होते, पाठ मऊ राहते. पात्याचा बाकही बराचसा याच पाण्यात येतो. अशी कठीण धार पोलादावर आपटली की तिची कपची उडते. पातं आडवं वळलं तर स्प्रिंगसारखं सरळ होत नाही, वाकलेलंच राहतं. म्हणून फटक्याची दिशा आणि धारेची रेघ एक हवी. सरावात गवती चटईची गुंडाळी रात्रभर भिजवून कापतात, टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शाने. तिथे नवशिका उजव्या हाताने जोर काढतो, धार तिरपी होते आणि पातं वाकतं.

पातं घडवताना पोलाद हजार वेळा दुमडतात, ही गोष्ट जाहिरातीतली. घड्या साधारण 10 ते 15. पंधराव्या घडीला थर 32,768 होतात. पोलादातली मळी निघावी आणि कार्बन सारखा पसरावा एवढ्यासाठी त्या असतात. आणखी घातल्या तर कार्बनच जळून जातो.

प्रश्न : पावसाळ्यात पात्यावर तांबूस ठिपके येतात. काय करावं?
– एक वाचिका, वाशी

उत्तर : खाडीच्या हवेत दोन-तीन आठवड्यांनी जुनं तेल मऊ कापडाने पुसा, कापड पाठीच्या बाजूने धरून मुठीकडून टोकाकडे, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं. पात्याला बोट लावू नका. घामातल्या मिठाने ठसा गंजून उमटतो. जुनं पातं असेल तर पॉलिशपेपर अजिबात नको. मुठीच्या आतल्या भागाचा काळा गंजही तसाच ठेवा. जाणकार त्यावरूनच पात्याचं वय ताडतात, आणि लोहाराची सही असली तर ती तिथेच असते.