मायलेकींचा गट सुरू करतेस तर

अगं, सगळ्यात आधी जागा बघ. मी पहिली बैठक मारुतीच्या देवळात ठेवली आणि तीन पोरी पायरीवरूनच माघारी गेल्या. पाळी आली होती, बोलणार कोणाला? तेव्हापासून अंगणवाडी किंवा कुणाचा तरी ओटा.

वेळ रात्री आठची धर, भाकरी थापून झाल्यावर. सोयाबीन काढणीत दिवसा बाया मिळायच्या नाहीत. बीडकडच्या गावात असशील तर जूनलाच सुरुवात कर. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. मागं राहिलेल्या पोरीसोबत मग आजीला बसव. आज्या मोकळं बोलतात, आयांपेक्षा जास्तच.

पहिले दोन-तीन वेळा मायलेकींना वेगवेगळं बसव. नंतर एकत्र आणशील तेव्हा भाषण नको, काम दे. मी लेकीला आईचं बँकेचं पासबुक वाचायला लावते. गेल्या वर्षी एकीनं आकडा वाचला, तशी आई म्हणाली, "एवढे व्हते व्हय माझे?" त्या रात्री दोघी उठायलाच तयार नव्हत्या.

पोरींना लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवण झाल्यावर. शौचाला काळं होतं हे आधीच सांग, नाहीतर पोरी घाबरून गोळ्या फेकतात.

आणि अठराच्या आत कुणाचं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर गटात विषय काढू नकोस. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला गाठ, नाहीतर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लाव. पोरीनं सांगितलं हे मात्र कुणालाच कळू देऊ नकोस, तिच्या मैत्रिणीलासुद्धा.