संगणक-शंका : अपडेट आलं, मॉड बंद पडले

प्रश्न : स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून स्कायरिम स्पेशल एडिशन हा गेम घेतलेला आहे. दीडशे मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या, गेममध्ये भर घालणाऱ्या फाइली) लावून छान चाललेला गेम रात्रीतून आपोआप अपडेट झाला. आता एसकेएसई (स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर, बऱ्याच मॉडना लागणारा जोडप्रोग्राम) सुरूच होत नाही. तुमचा गेम आमच्या आवृत्तीपेक्षा नवा आहे, अशा अर्थाची पाटी येते. गेम काढून पुन्हा टाकला, तरी तेच. डोकं फिरायची वेळ आली आहे. निदान सेव्ह (साठवलेला खेळ) तरी वाचतील का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : वाचतील. मात्र स्टीमच्या प्ले बटणाने गेम उघडून जुन्या सेव्हवर नवा सेव्ह मारू नका. डॉक्युमेंट्स, माय गेम्स, स्कायरिम स्पेशल एडिशन, सेव्ह्ज या फोल्डरात पाहा : एकाच नावाच्या दोन-दोन फाइली दिसतील, एक ईएसएस आणि दुसरी एसकेएसई एक्स्टेन्शनची. दुसरीत मॉडनी साठवलेली माहिती असते, आणि एसकेएसईविना केलेल्या सेव्हला ती फाइल मिळतच नाही. आधी अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

गेम पुन्हा टाकून उपयोग नव्हता, कारण स्टीम ताजीच आवृत्ती देणार. एसकेएसई हा गेमच्या ईएक्सईमधल्या (गेम चालवणाऱ्या मुख्य फाइलमधल्या) ठरावीक पत्त्यांवर आपला कोड अडकवतो. कंपनीने एवढीशी दुरुस्ती केली तरी ईएक्सई नव्याने तयार होते आणि आतले पत्ते सरकतात. रामबागेतले सगळे घरक्रमांक रातोरात बदलावेत आणि पोस्टमनच्या हातात जुनीच यादी राहावी, तशी गत. भलत्या दारात शिरण्यापेक्षा एसकेएसई सरळ थांबतो, आणि ते बरंच. नोव्हेंबर २०२१ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये तर कंपायलरही (कोडपासून ईएक्सई तयार करणारं साधन) बदलला होता. तेव्हा डीएलएलवाले (स्वतःचा कोड गेममध्ये अडकवणारे) मॉड ढिगाने बंद पडले. टेक्स्चर, कपडे, घरं यांसारख्या साध्या मॉडना सहसा काही होत नाही. म्हणजे दीडशेच्या दीडशे काढून टाकायची गरज नाही.

आता आवृत्ती बघा. स्कायरिमएसई नावाच्या ईएक्सईवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे १.६.११७० असेल तर एसकेएसई २.२.६ लागतो, १.६.६४० ला २.२.३, आणि जुन्या १.५.९७ ला २.०.२०. जोडी तंतोतंत जुळलीच पाहिजे, 'जवळपासची' चालत नाही. त्यानंतर ॲड्रेस लायब्ररी नवी घ्या. आवृत्तीनिहाय पत्त्यांची यादी तिच्यात असते, त्यामुळे तिच्यावर विसंबणारे कित्येक प्लगइन (मॉडमधल्या डीएलएल) आपोआप मार्गी लागतात. पण १.५ आणि १.६ साठी तिच्या फाइली वेगवेगळ्या आहेत, आणि गडबड नेमकी इथेच होते. शिवाय गेमने आतल्या माहितीची रचनाच बदलली असेल (१.६.६२९ मध्ये बदलली होती), तर नुसत्या यादीने भागत नाही, तो प्लगइन त्याच्या कर्त्यानेच नवा करावा लागतो.

कोणता प्लगइन अडला हे अंदाजाने शोधू नका. सेव्ह्जच्या शेजारी एसकेएसई नावाचं फोल्डर असतं, त्यातली एसकेएसई६४ ही लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक डीएलएलची एक ओळ असते. जिथे 'डिसेबल्ड, इनकम्पॅटिबल' दिसेल तेवढेच मॉड नवे घ्या किंवा तूर्त बंद ठेवा.

एखाद्या महत्त्वाच्या मॉडची नवी आवृत्ती आलीच नसेल, तर गेमच मागे न्या. नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर त्यासाठी डाउनग्रेड पॅचर मिळतात. यातली एक खोच : डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० पासून मॉडच्या डेटा-फाइलींचं हेडर (फाइलीच्या सुरुवातीला नोंदलेला आवृत्तीक्रमांक) १.७१ झालं. असे नवे मॉड जुन्या गेमला वाचता येत नाहीत आणि गेम सुरू होतानाच कोसळतो. त्यावर उपाय म्हणून बॅकपोर्टेड एक्स्टेंडेड ईएसएल सपोर्ट हा मॉड लावावा लागतो.

पुढच्या वेळेसाठी : स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सखाली 'गेम सुरू करीन तेव्हाच' हा पर्याय निवडा, आणि गेम कायम एसकेएसईच्या लोडरवरून किंवा मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून उघडा. प्ले बटण एकदा जरी दाबलं तरी अपडेट सुरू होईल. सगळं सुरळीत चालू असताना गेमचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलंत तर डाउनग्रेडच्या भानगडीत पडावंच लागणार नाही. आणि मॉडकर्त्यांना 'कधी येणार?' म्हणून रोज विचारू नका. बहुतेक जण हे काम फुकट, फावल्या वेळात करतात.

प्रश्न : सिम्स ४ या गेमच्या प्रत्येक पॅचनंतर (अपडेटनंतर) माझे सगळे मॉड गायब होतात. या वेळी परत सुरू केले, तर खरेदीची खिडकीच रिकामी दिसते. एकूण १६० फाइली आहेत. – कॉलेज विद्यार्थिनी, विजयनगर

उत्तर : गायब होत नाहीत, गेम मुद्दाम बंद करतो. ऑप्शन्समध्ये कस्टम कंटेंट आणि स्क्रिप्ट मॉड या दोन्ही खुणा करून गेम बंद करून पुन्हा उघडायचा. रिकाम्या खिडकीचा पहिला संशय पडद्याची मांडणी बदलणाऱ्या मॉडवर. पॅचमध्ये सगळ्यात आधी तेच मोडतात. ते काढूनही सुधारलं नाही तर मॉड्स फोल्डरातल्या ८० फाइली डेस्कटॉपवर हलवा, लोकलथम्बकॅश ही पॅकेज फाइल पुसा आणि गेम उघडा. बिघाड गेला तर दोष बाहेरच्या ८० मध्ये, नाहीतर आतल्या. मग ४०, २०, १० असं निम्मं करत जा. दोषी एकच असेल तर जास्तीत जास्त आठ फेऱ्यांत सापडतो. प्रत्येक फेरीला नवं घर घेऊन तपासा, चालू कुटुंबावर प्रयोग नकोत. स्क्रिप्ट मॉड एकाहून अधिक सबफोल्डर खोल ठेवलेला असेल तर गेमला तो दिसत नाही, हेही पाहून घ्या.

प्रश्न : काका, माइनक्राफ्ट जावामध्ये माझं मॉडवालं वर्ल्ड नव्या व्हर्जनमध्ये उघडलं गेलं. आता जुन्यात परत नेऊ का? – इयत्ता आठवी, इंदूर

उत्तर : नको रे. नव्या व्हर्जनने साठवलेला भाग जुन्याला नीट वाचता येत नाही, भिंती-पेट्या उडतात. आधीची कॉपी असेल तर तीच वापर. लाँचरमध्ये 'लेटेस्ट रिलीज' न निवडता इन्स्टॉलेशन्समध्ये नवं इन्स्टॉलेशन कर, व्हर्जन ठरवून दे आणि त्याला वेगळं गेम फोल्डर दे. फॅब्रिक (मॉड चालवणारा लोडर) वापरत असशील तर तो आणि मॉड त्याच व्हर्जनचे हवेत.

प्रश्न : मुलगा मॉडपायी दिवसभर चिडलेला असतो. हे चोरीचं किंवा व्हायरसचं प्रकरण तर नाही ना? – एक आई, रामबाग

उत्तर : चोरीचं नाही, ताई. स्कायरिमच्या कंपनीने मॉड बनवायचं साधन स्वतःच दिलेलं आहे. व्हायरसचा धोका कुठून उतरवतो त्यावर असतो : मॉडकर्त्याच्या मूळ पानावरून घेतलेलं बरं, 'आधी अँटीव्हायरस बंद करा' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरचं अजिबात नको. एक मात्र त्याला बजावा : जीटीए ऑनलाइनसारख्या इतरांबरोबरच्या खेळात मॉड लावले तर खातं कायमचं बंद होऊ शकतं.