सेंट्रल लॉक: आधी रबर सरकव, मग पॅनल

भावा, गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलं तरी दाराचं आतलं पॅनल उचकटायची घाई नको. चारही दारं मुकी झालीत की एकच, ते आधी बघ. चारही असतील तर फ्यूज तपास. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाक. किल्लीनं चालतंय पण रिमोटनं नाही? मग आधी सेल बदलून बघ.

एकच दार रुसलं असेल तर दार आणि बॉडीचा खांब यांच्यामधली, वायरी जाणारी रबरी नळी मागं सरकव. दार उघडझाप करून आतलं तांबं तुटतं, वरून वायर धडधाकट दिसते. एकेक वायर हलकेच ओढ. तुटलेली रबरासारखी ताणली जाते. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या दाराला हेच निघालं. साताऱ्याहून कासला जाताना वळणावळणावर लॉक आपोआप खाड-खाड वाजायचं, मागं बसलेली आई देवाचं नाव घ्यायची. गॅरेजवाल्यानं सरळ लॉकची नवी मोटर सांगितली होती!

जोड नुसत्या टेपनं गुंडाळू नकोस, सोल्डर करून वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढव.

वायर ठीक असेल तरच पॅनल काढ. मोटरच्या दोन्ही वायरींना टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा छोटा दिवा) लाव, कुणालातरी लॉक दाबायला सांग. दिवा क्षणभर पेटतोय आणि मोटर ढिम्म, तर मोटर गेली.